पंखा बंद करून केलेली कॅसेट

माझ्या स्टुडिओत येणारा नवा माणूस आत शिरला की आधी छताकडे बघायचा. पंखा होता, पण त्याचं बटण माझ्या हातात. "अक्का, जरा सोडा ना," असं भलेभले गायक काकुळतीला येऊन म्हणायचे आणि मी नाही म्हणायचे. कारण साधं आहे. आपला कान हुशार असतो, तो नको ते गाळतो. समोरचा माणूस बोलत असेल तर पंख्याची घरघर आपल्याला ऐकूच येत नाही. मायक्रोफोनला हे जमत नाही. त्याच्या लेखी गाणं आणि घरघर सारखीच. म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्याचं निम्मं आयुष्य आवाज बंद करण्यात जातं. पंखा, नळ, बांगड्या, शेजारची कोंबडी, जेवून आलेल्या तबलजीची ढेकर. उरलेल्या निम्म्यात जमलंच तर गाणं.

जळगावात नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न, गणपती, निवडणूक, कुणाचा तरी सत्कार. शाळेत असल्यापासून माझ्या हातात सोल्डरिंग गन. नानांचे गुडघे गेले तेव्हा भाऊ नोकरीला लागलेला होता, त्यामुळे दुकान माझ्याकडे आलं. लग्नानंतरही ते माझ्याकडेच राहिलं, कारण आमचे हे शाळामास्तर आणि त्यांना फ्यूज बदलायचीसुद्धा भीती वाटायची. पुढे घरोघर टेपरेकॉर्डर झाले, बसस्टँडवर अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी खपायला लागल्या, तेव्हा दुकानामागच्या गोदामात मी स्टुडिओ काढला. स्टुडिओ हा शब्द पाटीवर होता. आत एकच खोली, शेजारी काचेपलीकडे माझी यंत्रं ठेवायची कोठी, आणि भिंतींना छतापर्यंत जिनिंगमधल्या वाया गेलेल्या रुईच्या गाद्या. त्या करीममामू पिंजाऱ्यांनी शिवून दिल्या. मुंबईचे लोक भिंतीला काय काय महागडं लावतात ते मला नंतर कळलं. आमच्या गावात कापसाला तोटा नव्हता.

सगळे स्टुडिओवाले शांततेसाठी रात्र धरतात. आमच्याकडे रात्र कामाची नव्हती. उकाड्याने अख्खं गाव ओट्यावर आणि गच्चीवर येऊन गप्पा मारत बसायचं, वराती निघायच्या, कुत्री त्यांना साथ द्यायची. जळगाव खरं गप्प व्हायचं ते मे महिन्यातल्या भर दुपारी. जेवणं झाली की दारं बंद, खिडक्यांना ओले पडदे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रिक्षावाला रिक्षातच पाय वर करून झोपलेला. ती शांतता मी वापरायची. बाहेर डांबर पातळ होतंय आणि आत पंखा बंद करून लोक गाताहेत. माझ्याकडे चक्कर येऊन बसलेले गायक हे बेसूर गायकांपेक्षा थोडेच कमी असतील.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पाचोऱ्याकडचं एक भजनी मंडळ आलं. त्यांना समोर देव हवा होता. मी म्हटलं, लावा भिंतीला. लावला, तर सगळे देवाकडे तोंड आणि मायक्रोफोनकडे पाठ करून बसले. शेवटी मायक्रोफोनच्या दांडीलाच तसबीर टांगली, तेव्हा भजन टेपवर आलं. उंदीर मारायचं औषध विकणारा एक जण सायकलला भोंगा लावून बाजार करायचा, त्याला जाहिरातीची कॅसेट लागायची. इतका दाणेदार आवाज मी पुन्हा ऐकला नाही. मी त्याला विचारलं, तू गात का नाहीस? तर म्हणाला, "अक्का, गाना म्हनीसन उंदीर मरतस का?" एका उमेदवाराने भाषण भरलं आणि मध्ये मध्ये टाळ्या घाला म्हणाला. माझ्याकडे शाळेच्या बक्षीस समारंभातल्या टाळ्या होत्या, त्या घातल्या. त्यात एक मूल "आई, शू" म्हणत होतं, ते मतदान होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तो निवडून आला, हेही सांगायला हवं.

पण या धंद्यातलं माझं खरं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी युसूफच्या कॅसेटचं नाव घेते. आज युसूफ मोठा गिटारवाला आहे. जॅझ वाजवतो, परदेशात जातो, त्याच्या नावावर पुष्कळ सीडी आहेत. मध्यंतरी पुण्याहून एक गृहस्थ आले. युसूफच्या अगदी सुरुवातीच्या त्या कॅसेटमध्ये गिटारचा जो किंचित फाटलेला, उबदार आवाज आहे, तो कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरचा, एवढंच त्यांना हवं होतं. मी सांगितलं, निवडणुकीच्या रिक्षावरचा. मी त्यांची चेष्टा करते आहे असं त्यांना वाटलं. तर ती हकिकत अशी.

युसूफ धुळ्याचा. घरचं गाद्या भरायचं दुकान. करीममामू त्याचे सख्खे मामा, त्या ओळखीने तो माझ्याकडे आला. धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवायचा. त्याची पहिली कॅसेट माझ्याकडेच झाली. गिटारवर सिनेमाच्या चाली, खाली ढोलकी. ती कॅसेट मगनभाऊंनी काढली. मगनभाऊ म्हणजे आमच्या भागातले कॅसेटवाले. कोरी टेप त्यांची, छपाई त्यांची, बसस्टँडवरच्या टपऱ्या त्यांच्या. कॅसेट बरी खपली, युसूफचं नाव धुळ्यात झालं आणि तो खूष होता. मग त्याने ती भुसावळला नेऊन सायबाला ऐकवली.

सायब म्हणजे आर्थर. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, अँग्लो-इंडियन. एके काळी भुसावळला रेल्वेवाल्यांचे नाच व्हायचे, हॉलमध्ये मेणाने फरशी घासून ठेवायचे म्हणे, त्या नाचांत आर्थर सायब गिटार वाजवायचे. युसूफ शाळा संपल्यापासून धुळ्याहून एसटीने आणि पुढे गाडीने त्यांच्याकडे शिकायला जायचा. मांडीवर गिटार घेऊन बसला की कंडक्टर तिचं तिकीट मागायचा आणि याचं दर वेळी भांडण. जॅझ म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आज विचाराल तर एवढंच सांगेन, की सगळ्यांना ठाऊक असलेली एक चाल घ्यायची आणि ती घेऊन घराबाहेर पडायचं. कुठून कुठे जायचं ते जाता जाता ठरवायचं आणि चुकायच्या आत घरी परत यायचं. आपला गवईही रागात हेच करतो. फक्त इथे साथीला असलेल्यांनाही आपापल्या वाटेने हिंडायची मुभा असते.

सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट ऐकून सायबांनी नुसता चहा पाजला. मग म्हणाले, जून महिन्यात मुलगी मला ऑस्ट्रेलियाला घेऊन चालली आहे, कायमची. युसूफ म्हणाला, मग जायच्या आधी मी रोज येऊन वाजवतो, तुम्ही ऐका. त्यावर सायबांनी जे सांगितलं ते युसूफने मला त्यांच्याच बोलीत करून दाखवलं होतं, म्हणून तसंच लिहिते. "तुम मेरे सामने बैठता है और मेरा मुँह देखता है. मेरे को जो अच्छा लगता, वोही बजाता है. मैं नहीं रहेगा तब तुम क्या बजाएगा, वो मेरे को मालूम नहीं. उधर जाके मर जाएगा और मालूम नहीं पडेगा."

दुसऱ्या दिवशी युसूफ माझ्या दुकानात उभा. एरवी तो माझ्याशी सरळ मराठी बोलायचा, जीव कासावीस झाला की अहिराणीवर यायचा. "अक्का, आते सिनेमाना गाना नको. मनं सोतानं भरनं शे. सायब जावाना पहिले." स्वतःचं काही भरायचं, तेही सायब जायच्या आधी, हे मी समजले. सायब नसताना वाजवलेलं त्याला सायबांना ऐकवायचं होतं, आणि ते टेपवाचून होणार नव्हतं. जून लागायच्या आत कॅसेट त्यांच्या हातात पडायला हवी होती. माझा स्वभाव तापट आहे पण एकदा मनावर घेतलं की मी सोडत नाही. मी म्हटलं, होईल.

मगनभाऊंना बोलावलं. त्यांनी युसूफचं वाजवणं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकून एक डोळा उघडला.

"गाणं कधी सुरू होतं?"

"हेच गाणं आहे, भाऊ," युसूफ म्हणाला.

"अरे पण गाणारा?"

"गाणारा नाही."

"मग ढोलकी तरी? लोकांनी यावर नाचायचं कसं?"

मी म्हटलं, "नाचायचं नाही. बसून ऐकायचं." मगनभाऊ माझ्याकडे असं बघायला लागले, की जणू मला ऊन लागलं असावं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या दुकानात कॅसेटचे दोनच प्रकार होते, हळदीला लावायच्या आणि देवळात लावायच्या. अखेर म्हणाले, टेप देतो, पण माझं नाव छापू नका. पुढे भीड म्हणून थोड्या कॅसेटी त्यांनी बसस्टँडवर ठेवल्या, तर लोक त्या परत आणून द्यायचे. यातला गाणारा पुसला गेलाय, म्हणायचे. एरंडोलच्या एका बाईंनी तर बदलून दुसरी नेली आणि तीही परत आणली.

युसूफला साथीला दोन माणसं हवी होती. एक खालचे सूर चालवणारा आणि एक तालाला. सायबांच्या वेळी ते सगळं साहित्य हॉलमध्ये असे. जळगावात कुठून आणणार? लग्नाच्या बँडमधले दगडूआबा आठवले. अंगाभोवती घालायचा मोठा पितळी बाजा वाजवायचे, भों भों करून चालीचा पाया धरायचे. त्यांच्याच बँडमधला भिकन ताशासारखा उभा ड्रम वाजवायचा. मे महिना म्हणजे लग्नसराई, संध्याकाळपासून दोघे वरातीत. दुपारी मात्र बँडवाले झोपलेले असतात. मी दोघांना दुपारी उठवून आणलं. भिकनने काठ्या ठेवून शिंदीच्या झाडूच्या काड्यांची जुडी बांधली आणि तिने ड्रम हलकेच झाडायला सुरुवात केली. युसूफचा चेहरा उजळला. सायब सांगायचे तो आवाज हाच, म्हणाला.

आता माझ्या कामाची पद्धत सांगते, म्हणजे पुढची अडचण कळेल. आमच्या कॅसेटी तुकड्यातुकड्यांनी व्हायच्या. ध्रुवपद चांगलं आलं, कडवं चुकलं, तर कडवं परत घ्यायचं आणि दाढीच्या ब्लेडने टेप तिरपी कापून चांगले तुकडे चिकटवायचे. माझी सगळी करामत त्या ब्लेडमध्ये. गायक दर वेळी तेच गातो म्हणून हे जमतं. युसूफ दर वेळी वेगळंच वाजवायचा. पहिल्या वेळचा तुकडा दुसऱ्या वेळच्याला जोडायला गेलं तर तो जुळायचाच नाही. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात, तिघांनी एकत्र, आणि चुकलं तर सगळं पुन्हा. ब्लेड मी कपाटात टाकलं.

दगडूआबांची दुसरीच गोष्ट. त्यांनी जन्मात कधी बसून वाजवलं नव्हतं. बँडवाला चालत वाजवतो. खुर्चीवर बसवलं तर त्यांचा श्वासच लागेना. उभं केलं तर ते जागच्या जागी चालायला लागले आणि बुटांचे ठोके टेपवर. बूट काढले तरी टाचा वाजायच्या. शेवटी करीममामूंकडून जाड गादी आणली आणि आबांना तिच्यावर अनवाणी चालायला लावलं. ते तसे सगळी कॅसेट चालले. मिक्सिंग म्हणजे मोठं काहीतरी असतं असं लोकांना वाटतं, पण माझ्याकडे दोनच मायक्रोफोन, म्हणून मिक्सिंग म्हणजे माणसांना जवळ-लांब उभं करणं. आबांची गादी दाराशी गेली, भिकन कोपऱ्यात, युसूफ मध्ये.

त्यातही चाल संपेना. वरातीतली चाल नवरदेव मांडवात शिरेपर्यंत संपत नाही, आधी थांबला तो बँडवाला कच्चा. युसूफ मूळ चालीवर घरी परतून थांबायचा आणि हे दोघे वाजवतच राहायचे. मी काचेतून हात वर केला की थांबा, असं ठरवलं. मी हात वर केला की आबा अगदी समाधानाने थांबायचे. नवरदेव उतरला म्हणायचे.

हे सगळं जमत आलं, तरी टेपवर काही येत नव्हतं. सुरात होतं, तालात होतं, आणि मला जांभई येत होती. मी काचेपलीकडे बसून बघत राहिले तेव्हा कारण दिसलं. युसूफची नजर काचेतून माझ्या तोंडावर. रेकॉर्डिंग करणाऱ्याला एक खोड असते, काही खटकलं की भुवई हलते. माझी भुवई हलली की युसूफ मागे यायचा, ओळखीचं काहीतरी वाजवून मोकळा व्हायचा. मला असा राग आला. दार उघडून आत गेले आणि सगळ्यांसमोर बोलले, "भुसावळचा सायब नाही तर जळगावची अक्का. तुला कुणाचं ना कुणाचं तोंड लागतंच. सायब खरं तेच बोलले." युसूफने गिटार खाली ठेवली. मग म्हणाला, "मग तोंड झाका, अक्का."

मी मांडवाचा काळा पडदा आणून काचेवर टाकला. तर तो आबांकडे बघायला लागला. मग त्याची खुर्ची उचलून रुईच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली, इतकी जवळ की गिटारचं टोक गादीला लागत होतं. आता पडदा टाकल्यावर माझा हात दिसणार नाही, मग थांबायचं कसं, हा प्रश्न आला. दगडूआबा म्हणाले, "काही नही. मी मनमां नवरदेव उतारी टाकसू." ठरलं.

त्यात विजेने छळलं. दुपारी आसपासच्या गावांना वीज सोडली की केळीच्या मळ्यांतले पंप सुरू व्हायचे आणि शहरातलं व्होल्टेज खाली यायचं. टेपचं यंत्र किंचित मंदावायचं. त्या वेळी कळत नाही, पण नंतर ऐकताना गिटार मध्येच वर सरकल्यासारखी वाटते. बऱ्या आलेल्या दोन चाली अशा वाया गेल्या आणि मे संपत आलेला. युसूफ म्हणाला, रात्री करू. मी म्हटलं, रात्री वरातीही येतील टेपवर, आणि हे दोघे त्याच वरातीत असतील. मग नानांचा धंदा कामाला आला. प्रचाराच्या रिक्षावर लावायचे अ‍ॅम्प्लिफायर मोटारीच्या बॅटरीवर चालतात. माझं स्पूलचं टेपयंत्रही बॅटरीवर चालणारं होतं, बाहेरगावच्या कीर्तनांसाठी घेतलेलं. दुकानातल्या सगळ्या बॅटऱ्या आदल्या संध्याकाळी चार्ज केल्या, यंत्र त्यांना जोडलं, आणि युसूफची गिटार रिक्षाच्या अ‍ॅम्प्लिफायरला. भोंग्याऐवजी लाकडी पेटीतला स्पीकर दिला. पुण्याच्या गृहस्थांना आवडलेला तो आवाज हा.

उन्हात पितळ वर चढतं आणि तार खाली उतरते, हे त्या दिवसांत शिकले. आबांचा बाजा आणि युसूफची गिटार दर चालीनंतर एकमेकांपासून दूर गेलेले असायचे. दर वेळी नव्याने जुळवायचं. युसूफच्या हातांना इतका घाम की भिकन मध्येच उठून त्याच्या बोटांना पावडर लावायचा. कुणी कुरकुर केली नाही. आबा तर रात्री वरात वाजवून, दोन घास खाऊन, पुन्हा दुपारी गादीवर चालायला हजर. मी एकदा म्हटलं, आबा, दमला असाल. म्हणाले, "दमनू ते शेच. पन याले वाटे लायनं शे." म्हणजे याला वाटेला लावून द्यायचं आहे.

भिंतीकडे तोंड करून बसल्यावर दोन दिवस युसूफ चाचपडत होता. तिसऱ्या दिवशी एक संथ चाल घेतली. सुरुवात बरी झाली. मी पडद्याअलीकडे हेडफोन लावून बसले होते, मला कोणीच दिसत नव्हतं. अर्ध्यावर गिटार थांबली. नुसत्या भिकनच्या काड्या आणि आबांचा बाजा चाललेला. मला वाटलं, युसूफ चक्कर येऊन पडला. उकाडाच तसा होता. माझं बोट बटणावर गेलं. असं झालं की यंत्र बंद करायचं, पाणी द्यायचं, हा रोजचा रिवाज. पण आबा थांबले नव्हते, आणि कुणी पडलं असतं तर ते थांबले असते. मी बोट काढून घेतलं आणि हात मांडीखाली दाबून बसले. किती वेळ गेला माहीत नाही, मला तो फार मोठा वाटला. मग गिटार आली. अगदी हळू, खालच्या तारेवर, कुणाला काही पटवून न देता. त्यानंतर तिने जे केलं ते मला लिहून सांगता येणार नाही. मी तोवर जॅझ ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही मला त्यातलं काही कळलं नाही, पण मला रडू आलं, हे सरळ सांगते. आबांनी योग्य वेळी मनातला नवरदेव उतरवला. मी आत गेले तर युसूफ अजून भिंतीकडेच बघत होता. मधे का थांबलास, विचारलं. म्हणाला, "मला काही वाजवावंसं वाटत नव्हतं, म्हणून नाही वाजवलं." उरलेल्या चाली त्यानंतर भराभर झाल्या.

एक खंत मला आहे. माझ्या त्या खोलीत उंदराच्या औषधाची जाहिरात झाली, उमेदवार झाले, हळदीची गाणी झाली, पण आर्थर सायबांचं वाजवणं कधी झालं नाही. युसूफने आणि मी पुष्कळदा बोलावलं होतं. बघू, म्हणायचे. डाव्या कानाने इंजिनाच्या शिट्टीपायी कमी ऐकू यायचं, त्याचा संकोच असेल. आता ते कसं वाजवायचे हे सांगणारी माणसंही भुसावळात फारशी उरली नाहीत.

कॅसेट घेऊन आम्ही दोघे भुसावळला गेलो तेव्हा सायबांच्या घरातलं सामान बांधून झालेलं होतं. ट्रंका, खोकी, सुतळ्या. त्यांचा टेपरेकॉर्डर आधीच गेला असेल या भीतीने मी माझा घेऊन गेले होते, ते बरं झालं. सायब उंच, वाकलेले, पांढरी पँट. मुलगी सामानाच्या वजनाची काळजी करत हिंडत होती. सायबांनी मला खुर्ची दिली, स्वतः ट्रंकेवर बसले आणि उजवा कान स्पीकरकडे केला. मी कॅसेट लावली. युसूफ आत थांबला नाही. बाहेर पायरीवर जाऊन पाठ फिरवून बसला.

सायबांनी पहिली बाजू ऐकली. संथ चालीत गिटार थांबली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कॅसेट बिघडली का म्हणून. मी मानेनेच नाही म्हटलं. ते पुन्हा कान लावून बसले, आणि गिटार आली तशी त्यांची मांडीवरची बोटं थांबली. बाजू संपली. त्यांनी स्वतः उठून कॅसेट उलटी केली. मुलीने चहा आणला, तो तसाच राहिला. दुसरी बाजू संपल्यावर त्यांनी हाक मारली. युसूफ आत आला आणि खाली बघत उभा राहिला.

"इसमें मैं किधर है?" सायबांनी विचारलं.

"नाही, सायब."

"हाँ. मैं नहीं है." त्यांनी कॅसेट काढून हातात घेतली. "अच्छा है."

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कॉटखाली वाकले आणि सुतळीने बांधलेली गिटारची केस ओढून काढली. सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलेला होता, त्यावर युसूफचं नाव. आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सायबांनी तो पुठ्ठा काढून खिशात टाकला.

"ये तेरे वास्ते छोडके जाने का था," ते म्हणाले. "अब नहीं देगा. साथ ले जाता है. उधर बैठके प्रॅक्टिस करने का है."

मुलीने कपाळाला हात लावला. डॅडी, आपलं ठरलं होतं, वजन आधीच जास्त आहे, असं काहीतरी ती म्हणाली. सायबांनी ऐकलं नाही, बहुधा तो डावा कान असावा. युसूफच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. त्याने सायबांच्या हातातून केस घेतली, सुतळी पुन्हा घट्ट आवळली, आणि दाराशी रचलेल्या सामानावर, हातात न्यायच्या पिशव्यांच्या शेजारी, नीट उभी करून ठेवली.